एका दमाची वीज

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि मध्येमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या डीपी. शेतीच्या लाइनला रात्रपाळी होती. आम्ही विहिरीवर लाइटीची वाट पाहत बसलो होतो. लाइट आली आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम गुरगुरल्या, कारण प्रत्येकीला लाइट येताच आपोआप चालू करणारा ऑटो. पाच एचपीची मोटार चालताना चार-साडेचार किलोवॅट खाते. पण जागची उठताना क्षणभर तिचा करंट पाच-सहा पट असतो. डीपीवर ठिणगी उडाली, डीओ फ्यूज उडाला, अंधार.

वायरमननं आधी सगळ्यांचे स्टार्टर बंद करायला लावले. काठीनं डीओ उतरवला, नवी तार ओवली, परत चढवला. मग एकेक मोटार, थोडं थांबून. डीपी तीच, मोटारी त्याच. या वेळी सगळं टिकलं.

क्षणभरासाठी लागणारी एवढी वीज आणायची कुठून? जपानी यंत्रमानवांच्या कथांमध्ये नेमका हाच प्रश्न आहे, म्हणून मला त्या आवडतात. ‘इव्हँजेलियन’ या 1995च्या मालिकेत महाकाय इव्हा केबलवर चालतो. केबल तुटली तर आतली बॅटरी पाच मिनिटं पुरते. एका लढाईत त्याच्या पॉझिट्रॉन रायफलीसाठी अख्ख्या जपानची वीज ओढतात: 18 कोटी किलोवॅट. म्हणजे पाच एचपीच्या चार कोटी मोटारी! भारताची 30 मे 2024ची विक्रमी मागणीही 25 कोटी किलोवॅटच होती. पहिला नेम चुकतो, तेव्हा तिथंही फ्यूज बदलून पुन्हा ऊर्जा भरावी लागते. लेखकाला वीज कळते, हे त्या फ्यूजवरून दिसतं.

1979मध्ये सुरू झालेल्या ‘गंडम’ मालिकेनं दुसरी वाट काढली. तिथं रायफलीतल्या साठ्यात ऊर्जा आधीच जहाजावर भरलेली असते. यंत्रमानव फक्त शेवटचा रेटा देतो. सावकाश भरा, झटक्यात सोडा. मला हीच वाट जास्त पटते.

खरं शस्त्र मात्र लहान आहे. एप्रिल 2025मध्ये डीआरडीओनं कर्नूलला 30 किलोवॅट वर्गाच्या, गाडीवरच्या लेसरनं ड्रोन पाडून दाखवले. अशा लेसरला तीस किलोवॅट प्रकाशासाठी साधारण शंभर किलोवॅट वीज घालावी लागते. उरलेल्याची उष्णता होते आणि ती बाहेर काढणं हेच मोठं काम. शंभर किलोवॅट म्हणजे शिवारातली जवळपास एक डीपी.

आपल्या मोटारीजवळचा कपॅसिटरही सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि रिकामा होतो. मोटारीच्या चुंबकत्वाला लागणारी वीज तो जागेवरच पुरवतो, त्यामुळे लाइनवरचा करंट उतरतो. सुरुवातीचा झटका मात्र त्यानं थांबत नाही. त्यासाठी मोटारी मागेपुढेच चालू व्हायला हव्यात.

तेव्हा शेतकरी भावांनो, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून मोटारी चालू करण्याचा क्रम ठरवून घ्या.