बिनपावसाच्या उन्हाळ्यातली हिरवळ

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व नावाचा किनारा आहे. पूर्वेला स्पेनच्या सीमेवरची ग्वादियाना नदी, पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेलं सेंट व्हिन्सेंटचं भूशिर, आणि मध्ये साधारण दीडशे किलोमीटरची पट्टी. एवढ्याशा पट्टीत सुमारे ४० गोल्फ मैदानं आहेत. जुलैत इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. मागच्या टेकड्यांवरचं रानगवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्यांच्या पायथ्याशी फेअरवे मात्र हिरवेगार असतात. त्यातल्या प्रत्येक पात्याला पाणी कुणीतरी हिशोबाने पोचवलेलं असतं.

गोल्फची सुट्टी आखणारा माणूस महिना बघतो, मैदानं निवडतो, टी-टाइम आणि ग्रीन फी ठरवतो. हे सगळे व्यवहारी प्रश्न वाटतात. पण अल्गार्वपुरतं बोलायचं तर त्यातल्या प्रत्येकाच्या मुळाशी पाणीच आहे: ते कधी पडतं, कुठे साठतं, कोणतं गवत ते किती पितं. एवढं समजून घेतलं तर सुट्टी चांगली आखता येतेच, शिवाय पायाखालची जमीनही वेगळी दिसू लागते.

पावसाचं उलटं वेळापत्रक

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अल्गार्वची राजधानी फारो इथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, आणि तो पडतो ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. म्हणजे आपल्याकडे धो-धो कोसळत असताना तिथलं आभाळ कोरडं असतं.

याला कारण आहे अझोर्स बेटांजवळचा हवेच्या जास्त दाबाचा विशाल पट्टा. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि अटलांटिकवरून येणारी वादळं युरोपच्या वरच्या भागाकडे वळवतो. त्याच्या छायेत हवा खाली उतरत राहते, उतरताना तापते, आणि तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. हिवाळ्यात पट्टा दक्षिणेकडे सरकला की वाट मोकळी होते आणि पावसाच्या सरी अल्गार्वपर्यंत पोचतात. हजारो किलोमीटर पसरलेली हवेची ही हालचाल शेवटी एका हॉटेलच्या दरपत्रकात उतरते, याचं मला फार नवल वाटतं.

कारण गोल्फचा हंगाम आणि समुद्रस्नानाचा हंगाम इथे वेगळे पडतात. उत्तर युरोपातल्या गोल्फरांना जुलै-ऑगस्टचं ऊन सोसत नाही. त्यांची गर्दी मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असते. त्यामुळे ग्रीन फी वसंतात आणि शरदात चढते, भर उन्हाळ्यात उतरते. हॉटेलं आणि विमानाची तिकिटं मात्र ऑगस्टमध्येच सर्वांत महाग, कारण तेव्हा किनारा सहकुटुंब आलेल्या पर्यटकांनी भरलेला असतो.

मुंबई-पुण्याच्या खेळाडूसाठी इथे एक संधी आहे. फारोचं जुलैतलं दुपारचं सरासरी कमाल तापमान २९-३० अंशांच्या आसपास असतं आणि हवा आपल्या किनाऱ्याइतकी दमट नसते. लंडनच्या माणसाला जे ऊन जाचतं त्यात आपला माणूस टोपी घालून सहज अठरा होल्स खेळेल. आपली मैदानं चिखलात बुडालेली असतानाच तिथे चेंडू टणक जमिनीवर पडून लांबवर घरंगळत जातो.

भातखाचरातलं पहिलं मैदान

अल्गार्वमध्ये गोल्फ रुजला त्याची कथा पाण्यापासूनच सुरू होते, पण ती पाण्याच्या टंचाईची नाही. १९६५ साली फारोचा विमानतळ सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९६६मध्ये, पोर्तिमांव शहराजवळ पेनिना इथलं मैदान खुलं झालं. त्याचा आराखडा हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूने केला होता. १९३४, १९३७ आणि १९४८ अशी तीनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला हा माणूस.

त्याला मिळालेली जमीन म्हणजे भातशेतीची सपाट, पाणथळ खाचरं होती. गोल्फला हवा असतो पाण्याचा निचरा आणि जमिनीचे उंचसखल उतार. इथे दोन्ही नव्हतं. कॉटनने चर खणले आणि हजारो झाडं लावली. त्यांत निलगिरी मुद्दाम निवडली होती, कारण तिची मुळं जमिनीतलं पाणी झपाट्याने शोषतात आणि पानांवाटे हवेत सोडतात. झाडांनी चिखल कोरडा केला, आणि सपाट माळावर खेळाच्या वाटाही आखून दिल्या. पुढे कॉटन तिथेच स्थायिक झाला. त्याची गोल्फची बॅग वाहायला एक गाढव होतं, त्याचं नाव पासिफिको.

पेनिनानंतर मैदानांची रांग लागली. फ्रँक पेनिंकने आखलेलं विलामोराचं ओल्ड कोर्स १९६९ सालचं. तिथे छत्रीसारख्या पसरलेल्या पाइन वृक्षांमधून चेंडू काढावा लागतो. वाले दो लोबोच्या रॉयल कोर्सवरच्या सोळाव्या होलला चेंडू तांबड्या कड्यांवरून, खाली समुद्रकिनारा ठेवून, पलीकडच्या ग्रीनवर मारायचा असतो. अर्नोल्ड पामरने आखलेलं विलामोराचंच व्हिक्टोरिया २००४ सालचं. पोर्तुगाल मास्टर्स ही स्पर्धा पुढे अनेक वर्षं तिथे होत राहिली.

ओळखीचं गवत

आता या लेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. अल्गार्वच्या अनेक फेअरवेवर जे गवत असतं त्याला गोल्फर बर्म्युडा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ते सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि आपल्याकडे तीच हरळी. जिच्या कोवळ्या अंकुरांची एकवीस दूर्वांची जुडी आपण गणपतीला वाहतो, आणि शेतात शिरली की जी उपटता उपटता शेतकरी दमतो, ती.

शेतकऱ्याला जे नकोसं तेच मैदानाला हवं असतं. हरळी जमिनीवर आडवे धावे पसरवते आणि जमिनीखालीही आडवी खोडं सोडते. गोल्फ क्लबने गवताचा तुकडा उडवला की आजूबाजूचे धावे ती जखम काही आठवड्यांत भरून काढतात. पायाखाली तुडवली तरी ती मरत नाही, आणि थोड्या पाण्यावर तग धरते.

हे शेवटचं कसं जमतं? हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा तर पानाला आपली सूक्ष्म छिद्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. गहू, भात आणि थंड प्रदेशातली बहुतेक गवतं हा तोटा सहन करतात. हरळी, बाजरी, ज्वारी, मका आणि ऊस यांच्या पानात मात्र कार्बन डायऑक्साइड आधी पकडून एका ठरावीक पेशीसमूहात दाटीने साठवण्याची यंत्रणा आहे. त्यामुळे छिद्रं कमी उघडूनही त्यांचं भागतं. कडक उन्हात जिथे थंड प्रदेशातलं गवत माना टाकतं, तिथे हरळी जोमात वाढते. जुन्या मैदानांनी थंड हवेतली गवतं काढून हरळीकडे वळण्याचं एक मोठं कारण हेच.

शास्त्रज्ञांनी तिला आणखी घडवलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या संशोधकाने नेहमीच्या हरळीचा आफ्रिकेतल्या एका नाजूक भावंडाशी संकर केला. एकाची गुणसूत्रं ३६, दुसऱ्याची १८. संकराच्या वाट्याला आली २७. या विषम संख्येमुळे त्याला बी धरत नाही. १९६० साली आलेला टिफवे हा असाच वाण. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर पसरलेला टिफवे बियांनी वाढलेलाच नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी लावलेला, एकाच रोपाचा विस्तार आहे.

हरळीला एकच गोष्ट मानवत नाही: थंडी. जमीन गार पडली की ती झोपी जाते आणि तपकिरी होते. मग शरदात अनेक मैदानं तिच्यावर राय गवताचं बी पेरतात. राय गव्हाच्या पठडीतलं, थंडीत वाढणारं. उन्हाळा येताच ते मावळतं आणि खालची हरळी पुन्हा वर येते. आपला शेतकरी एकाच रानात खरिपात बाजरी आणि रब्बीत गहू घेतो, तशीच ही दुबार शेती, फक्त तिचं पीक कुणी कापून घरी नेत नाही.

वाऱ्याचे दोन किनारे

अल्गार्वचे दोन भाग मानतात. पश्चिमेचा बार्लाव्हेंतो वाऱ्याच्या तोंडावर, पूर्वेचा सोताव्हेंतो वाऱ्याच्या आडोशाला. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरून उत्तरेचा नोर्तादा वारा दुपारनंतर जोर धरतो. दक्षिण किनाऱ्याच्या पाठीशी मोंशिकचे डोंगर उभे आहेत आणि त्यांतलं फोइया शिखर ९०२ मीटर उंच. त्यांच्या आडोशाला वारा मंदावतो, पण पश्चिमेच्या टोकाकडे जावं तसा तो पुन्हा जाणवू लागतो. म्हणून पश्चिमेच्या मैदानांवर सकाळचा टी-टाइम घ्यावा आणि दुपारचा खेळ पूर्वेकडे ठेवावा.

डोंगर वारा अडवतात तसेच ढगही. मोंशिकच्या माथ्यावर किनाऱ्याच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो. ओदेलोका आणि ओदेलेइत ही धरणं डोंगराळ भागातून येणारं असंच पाणी अडवतात आणि शहरं त्यावर जगतात.

पूर्वेकडे फारोच्या दोन्ही बाजूंना रिया फोर्मोजा हे वाळूच्या लांबट बेटांनी समुद्रापासून अलग केलेलं खाजण पसरलं आहे. १९८७पासून ते निसर्ग उद्यान आहे. त्याच्या काठावर किंता दो लागोजवळ साओ लोरेन्सो हे मैदान आहे. तिथला सहावा आणि सातवा होल खेळताना एका हाताला खाजण असतं, भरती-ओहोटीनुसार रंग बदलणारं. मैदानातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर पक्षी पाहायला लाकडी आडोसा बांधला आहे. तिथे लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी दिसते. आपल्याकडच्या तलावांत फिरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीची ही जवळची बहीण. विसाव्या शतकात पोर्तुगालमधून ती जवळपास नाहीशी झाली होती आणि रिया फोर्मोजा हा तिचा शेवटच्या आधारांपैकी एक होता. खेळासाठी खणलेली तळीही तिने आपलीशी केली.

आखणी करताना

या सुंदर चित्राला कळीचा प्रश्न जोडलेला आहे. २०२४च्या सुरुवातीला सलग दुष्काळामुळे धरणं इतकी आटली की पोर्तुगाल सरकारला अल्गार्वमध्ये शेती, शहरं आणि पर्यटन या सगळ्यांच्या पाण्यात कपात जाहीर करावी लागली. साठ वर्षांपूर्वी जिथे झाडं लावून पाणी घालवलं, तिथे आता पाणी शोधावं लागतं आहे. काही मैदानं शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, काहींनी गवत बदललं, काहींनी खेळात न येणाऱ्या जागी पाणी देणं थांबवून तिथे रोझमेरीसारखी स्थानिक झुडपं वाढू दिली. माझ्या मते या किनाऱ्यावरचं खरं कौतुकाचं काम हेच आहे.

आता तपशील. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यापर्यंत ठेवू नये. फारोला भारतातून थेट विमान नाही. लिस्बन किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या शहरावरून जावं लागतं, आणि लिस्बनहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात. हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवावा, काही मैदानं तो मागतात. २०२०पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू होत गेल्यामुळे इथला आकडा तिथेही चालतो. प्रत्येक मैदानाच्या ५५ ते १५५ मधल्या स्लोप रेटिंगनुसार तो त्या दिवसापुरता कमी-जास्त होतो. एका फेरीला चार ते साडेचार तास धरावेत. जूनमध्ये तिथला दिवस साडेचौदा तासांहून मोठा असतो, त्यामुळे दुपारी उशिराच्या स्वस्त ट्वायलाइट दरातही अठरा होल्स पुरे होतात. डिसेंबरमध्ये दिवस दहा तासांचाही नसतो, तेव्हा सकाळीच सुरुवात करावी.

बुकिंगआधी मैदानाला तीन प्रश्न लिहून विचारावेत. ग्रीनमध्ये हवा खेळावी म्हणून भोकं पाडण्याचं काम कोणत्या आठवड्यात आहे? राय कधी पेरणार? आणि पाणी कुठलं वापरता? पहिल्या दोन उत्तरांवर तुमचा खेळ अवलंबून आहे, तिसऱ्यावर त्या किनाऱ्याचं भवितव्य. वर्षभर गालिच्यासारखी हिरवळ हवी असा पाहुण्यांचा हट्ट असेल तर मैदानाला थंडीत राय पेरावं लागतं आणि उन्हाळ्यात कडेचं रानही भिजवावं लागतं. जानेवारीतली तपकिरी हरळी मेलेली नसते, झोपलेली असते आणि तिच्यावरून चेंडू उत्तम धावतो. तिला तशीच झोपू देणारं मैदान आपण आनंदाने निवडलं, तर त्या मैदानाला हिवाळ्यात दुसरं पीक घ्यावं लागणार नाही आणि तेवढं पाणी धरणात राहील.