खालून ठेवायची गोळी

1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास छापून आला. दोन गावांतल्या 650 बायकांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला होता; आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. अंगावरून पांढरं जाणं हा बाईचा भोगच समजला जाई.

औषध तर केव्हाच निघालं होतं. बुरशीवरचं निस्टॅटिन एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी 1950 मध्येच शोधलं होतं, 1970 च्या दशकात क्लोट्रिमॅझोल आलं. पुढे सरकारी दवाखान्यांत औषधांची रंगीत किटं आली. पांढऱ्या पाण्यासाठी हिरवं: सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, दोन्ही गिळायच्या गोळ्या. समोर बसवून गिळवल्या की काम झालं. पण गरोदर बाईला फ्लुकोनॅझोल देत नाहीत, तिला क्लोट्रिमॅझोलची खालून ठेवायचीच गोळी लागते. आणि ती कशी ठेवायची हे नीट सांगणं मागेच राहिलं. रनाळ्यासारख्या गावात काय, नंदुरबार शहरात काय, मेडिकलवर चार पुरुष उभे असताना बाई चिठ्ठी सरकवते, पुडी घेते. 'रात्री एक' एवढंच कानावर पडतं. मग कुणी ती पाण्याबरोबर गिळली तर दोष तिचा कसा?

ही गोळी रात्री निजतानाच ठेवायची, म्हणजे उभं राहून गळत नाही. आधी साबणाने हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, गोळी बोटाने योनीत सहज जाईल तितकी आत सरकवायची. कोरडी गोळी असेल तर क्षणभर स्वच्छ पाण्यात बुडवावी. सोबत नळी आली असेल तर तीही चालते, पण गरोदरपणी नळी नको. बोटानेच, तेही डॉक्टरांना विचारून. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला की बायका घाबरतात. तो गोळीचाच उरलेला भाग असतो. साधी घडी किंवा पॅड पुरे, आत ठेवायचा टॅम्पॉन नको. आतून धुणं, तुरटीचं पाणी, हे बंद. खाज दोन दिवसांत थांबली तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या. तोवर संबंध टाळावा. या औषधाने निरोधही कमकुवत होऊ शकतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मेणासारखी गोळी पत्र्याच्या घरात फळीवर ठेवली तर वितळणारच. तिला माठाशेजारची सावली बरी.

ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास किंवा मधेच रक्त दिसलं तर मात्र गोळ्यांवर भागवू नये, तपासून घ्यावं. त्रास पुन्हा पुन्हा उलटत असेल तर रक्तातली साखर बघावी. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध लागतं, आणि त्याला ते सांगायचं काम डॉक्टरांनी करावं, बाईवर ढकलू नये.