यॉर्कशर बोली : अर्थग्रहणाचे काही प्रश्न

महाराष्ट्रात इंग्रजीचे अध्ययन बहुतांशी मुद्रित ग्रंथांच्या आधारे होते. त्यामुळे प्रमाण इंग्रजीवर प्रभुत्व मिळविलेल्या अभ्यासकासही उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरचे दैनंदिन संभाषण प्रथम दुर्बोध वाटते. ही दुर्बोधता केवळ उच्चारभेदामुळे येते, हा समज मात्र अपुरा आहे. अपरिचित शब्द कानी पडला, तर ऐकणारा थांबून अर्थ विचारतो. परंतु परिचित शब्द निराळ्या अर्थाने आला, तर गैरसमज झाल्याची जाणीवही त्यास होत नाही.

'व्हाइल' हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ 'त्या अवधीत' असा होतो. यॉर्कशर बोलीत तो 'पर्यंत' असा आहे. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. 'दिवा लाल आहे तोवर थांबा' असे सांगणारे प्रमाण वाक्य या बोलीच्या नियमाने 'दिवा लाल होईपर्यंत थांबा' असे ठरते; म्हणजे सूचना नेमकी उलटते. 'स्टार्व्ह्ड' या शब्दाचेही असेच आहे. मूळ प्राचीन इंग्रजी धातूचा अर्थ 'मरणे' असा असून जर्मन 'श्टेर्बेन' त्याचाच सगोत्र आहे. प्रमाण भाषेत हा अर्थ भुकेने मरण्यापुरता संकुचित झाला, तर उत्तरेकडील बोलींत थंडीने गारठण्यापुरता. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यानंतर अनेक भारतीय डॉक्टर तेथे रुजू झाले. रुग्ण गारठला आहे की भुकेला आहे, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही.

शब्दसंग्रहातील अनेक भेदांचे मूळ इतिहासात आहे. 866 मध्ये डेन लोकांनी यॉर्क जिंकले आणि 954 पर्यंत तेथे स्कँडिनेव्हियन सत्ता कमीअधिक प्रमाणात टिकून होती. खेळणे या अर्थाचे 'लेक' हे क्रियापद प्राचीन नॉर्स 'लेइका' पासून आलेले आहे. कापडगिरण्यांच्या प्रदेशात त्याला 'कामावाचून असणे' असाही अर्थ प्राप्त झाला. गिरणीकामगार 'लेकिंग' आहे असे म्हटले, तर तो खेळत आहे असे नव्हे, त्याचे काम बंद आहे असे समजावयाचे.

व्याकरणातील दोन विशेष लक्षणीय आहेत. पहिला निश्चयवाचक उपपदाचा. 'द' हे उपपद पुष्कळदा केवळ 'ट्' एवढेच उरते, किंवा कंठातील श्वास क्षणभर अडवून सूचित केले जाते. नवशिक्या श्रोत्यास ते ऐकूच येत नाही. दुसरा विशेष 'दाऊ' व 'दी' या एकवचनी सर्वनामांचा. प्रमाण व्यवहारातून लुप्त झालेली ही रूपे येथे 'दा' व 'दी' अशी, विशेषतः वृद्धांच्या बोलण्यात, टिकून राहिली. ती सलगी दर्शवितात. अस्थानी योजल्यास अवमानही. 'अरे-तुरे करणे' हा वाक्प्रचार ज्यास ठाऊक आहे, त्या मराठी अभ्यासकास हा भेद प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षाही लवकर उमगावा.

या बोलीच्या अध्ययनाचा पाया जोसेफ राइट (1855–1930) यांनी घातला. लहानपणी गिरणीत राबलेले आणि सुमारे पंधराव्या वर्षी वाचावयास शिकलेले राइट पुढे ऑक्सफर्ड येथे तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्या विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण त्यांनी 1892 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश 1898 ते 1905 या काळात निघाला. पुढे लीड्स विद्यापीठातील हॅरल्ड ऑर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी 1,300 हून अधिक प्रश्नांच्या साहाय्याने बोलींची पाहणी झाली. तीत मुख्यतः ग्रामीण वृद्धांची भाषा नोंदविली गेली. म्हणून औद्योगिक शहरांतील तरुणांच्या बोलीविषयीचे निष्कर्ष केवळ तीवरून काढणे उचित नव्हे.

यावरून पद्धतीविषयी एक बोध मिळतो. बोलीतील सुटे शब्द टिपून प्रमाण पर्याय देणाऱ्या याद्या उपयुक्त असल्या तरी अपुऱ्या होत. संपूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचे वय व व्यवसाय आणि प्रसंग यांची एकत्र नोंद झाली, तरच अर्थाचा निर्णय करता येतो. विशेषतः जो शब्द ओळखीचा वाटतो, त्याचीच अधिक कसून तपासणी करावी लागते.