चौदा दिवसांचा मुक्काम, अठ्ठावीस महिन्यांची रांग

९६७ डॉलर, २९० डॉलर, १,७४९ डॉलर. पहिला आकडा एसएसआय या भत्त्याचा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एकट्या, जवळपास कफल्लक अशा वृद्धाला किंवा अपंगाला केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त एवढेच मिळत होते. दुसरा आकडा म्हणजे त्याचे तीस टक्के. घरावर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त खर्च झाला की ते घर परवडत नाही, असं तिथलं सरकारच मानतं. तिसरा आकडा दोन बेडरूमच्या साध्या घराच्या देशभरातल्या सरासरी भाड्याचा. एकट्या माणसाला दोन बेडरूम कशाला, हे खरंच. पण एक बेडरूम कमी केली की भाडं निम्म्यावर येतं असं धरलं (येत नाही), तरी ८७५ डॉलर होतात आणि भत्त्यातले ९२ डॉलर उरतात. ९६७ डॉलरला रुपयांच्या दराने गुणून ‘ऐंशी हजारांत काय कमी आहे?’ असं विचारण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण खर्चही डॉलरमध्येच आहे.

काम करणाऱ्याचं गणितही फार वेगळं नाही. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलं आहे. हे १,७४९ डॉलरचं घर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत बसवायचं, तर या दराने आठवड्याला सुमारे १८६ तास काम करावं लागेल. आठवड्यात तास असतात १६८. अनेक राज्यांनी स्वतःचं किमान वेतन वाढवलंय आणि जिथे ७.२५ लागू आहे तिथे भाडीही सरासरीपेक्षा कमी असतात. तेवढी सूट या आकड्याला द्यायला हवी. पण ती देऊनही घर हाताशी येत नाही. अतिगरीब भाडेकरू कुटुंबं शंभर असतील, तर त्यांना परवडणारी आणि खरोखर मिळू शकणारी घरं पस्तीस. देशभरातला हा तुटवडा २०२५ मध्ये सुमारे ७१ लाख घरांचा होता.

या फटीत कॅम्पर येतो. गाडीमागे जोडून ओढायची, चाकांवरची छोटी खोली. तेरा फुटी फायबर-ग्लासचा कॅम्पर घेतला, तर त्या तेरा फुटांत पुढचा ओढदांडाही मोजलेला असतो. आतली जागा साठेक चौरस फुटांची. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० चौरस फुटांची सदनिका मिळते, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. त्यात पलंग, दोन शेगड्या, एक बेसिन आणि बहुधा बारा गॅलनची, म्हणजे ४५ लिटर पाण्याची टाकी. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा मानक आकडा माणशी दिवसाला १३५ लिटर. कॅम्परवाला त्याच्या एक तृतीयांश पाण्यात, काटकसरीने, आठवडा काढतो.

जेसिका ब्रूडरचं ‘नोमॅडलँड’ २०१७ मध्ये आलं, त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं आणि वाळवंटातला सूर्यास्त जगाला पाठ झाला. त्या चित्रातून एक माणूस मात्र निसटतो. त्याला रस्त्याचं वेड नाही, त्याला सरकारी अनुदानाचं घर हवंय. त्यासाठी त्याने नाव नोंदवलंय, आणि नंबर लागेपर्यंतचा काळ तो कॅम्परमध्ये काढतोय. त्याच्यापुढे प्रश्न एकच: हा काळ कॅम्परमध्ये निभतो का?

महिन्याचा हिशेब निभतो. अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाची वस्ती २०२० च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आत होती. हिवाळ्यात आसपासचं वाळवंट कॅम्परांनी भरून जातं. तिथल्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे. म्हणजे महिन्याला २६ डॉलर. पाणी भरायची आणि मैला रिकामा करायची सोय त्यातच. बाकीचे आकडे ढोबळ धरू: पेट्रोल १२०, स्वयंपाक आणि उबेसाठी गॅस ४०, विमा ९०, फोन ४०, कपडे धुणं आणि अंघोळीची सोय ४०, टपाल पत्ता पुरवणाऱ्या संस्थेचे २०, दुरुस्तीसाठी बाजूला १००. बेरीज ४७६. ९६७ मधून अन्न आणि इतर गोष्टींसाठी ४९१ डॉलर उरतात. भाड्याच्या घरात उरणाऱ्या त्या काल्पनिक ९२ डॉलरच्या पाचपटीहून जास्त. कॅम्परच्या बाजूने बोलणारे इथे थांबतात, आणि इथपर्यंत ते बरोबरच आहेत.

या हिशेबातला नाजूक आकडा दुरुस्तीचा आहे. समजा ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि तीन हजार डॉलर लागले. महिन्याला शंभर बाजूला टाकून ते जमायला तीस महिने लागतील. त्याहून वाईट म्हणजे ते जमवताच येत नाहीत. एसएसआय घेणाऱ्या एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरहून जास्त शिल्लक असता कामा नये. ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. राहता कॅम्पर घर म्हणून आणि रोजची गाडी वाहन म्हणून या मोजणीतून वगळतात, रोकड वगळत नाहीत. म्हणजे ज्याचं घर चाकांवर आहे, त्याला चाकं दुरुस्त करण्यापुरता पैसा साठवायला नियमच आडवा येतो. चार पैसे कमवावेत तर महिन्याला पहिले ६५ डॉलर (आणि सर्वसाधारण सवलतीचे २०) सोडून पुढच्या दर दोन डॉलरमागे भत्त्यातला एक कापला जातो. हे ६५ आणि २० योजना सुरू झाली त्या १९७४ सालचेच आहेत.

आता रांगेचा हिशेब. अनुदानाच्या घरांकडे जायचे तीन रस्ते पाहू. पहिला म्हणजे १९७४ च्या कायद्यातून आलेलं भाडे-व्हाउचर, ज्याला लोक ‘सेक्शन एट’ म्हणतात: आपण उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भरायचे, बाकी भाडं सरकार घरमालकाला देतं. दुसरा ६२ वर्षांवरच्यांसाठीच्या खास इमारतींचा. तिसरा १९८६ च्या करसवलत योजनेतून बांधलेल्या इमारतींचा. या तिसऱ्याने अनेकांची फसगत होते. तिथलं भाडं तुमच्या उत्पन्नावर नाही, त्या भागाच्या मध्यम उत्पन्नावर ठरतं. समजा एका माणसासाठी हे मध्यम उत्पन्न वर्षाला ७०,००० डॉलर धरलं. त्याच्या साठ टक्के म्हणजे ४२,०००, त्याचे तीस टक्के बाराने भागले की १,०५० डॉलर. पाटी ‘अल्प उत्पन्न गट’ अशी, भाडं १,०५०, आणि अर्जदाराकडे ९६७. व्हाउचर हाती असेल तरच त्या दारातून आत जाता येतं.

व्हाउचर मात्र हक्काने मिळत नाही. अन्नाच्या मदतीला जो पात्र ठरतो त्याला ती मिळते. घराच्या मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी सुमारे एकालाच ती मिळते. ज्यांना मिळाली, त्यांनी सरासरी अठ्ठावीस महिने, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं, यादीत काढलेली होती. २०२१ मध्ये पुढे आलेल्या या आकड्यांत देशातल्या सर्वांत मोठ्या पन्नास सरकारी गृहनिर्माण संस्थांपैकी फक्त दोन ठिकाणी ही सरासरी वर्षाच्या आत होती. कुठे ती आठ वर्षांपर्यंत गेली होती. यात रांग सोडून गेलेले किंवा रांगेतच वारलेले धरलेले नाहीत.

रांगेत उभं राहणं हीसुद्धा सोडतच. न्यूयॉर्कने २०२४ च्या जूनमध्ये जवळजवळ पंधरा वर्षांनी यादी उघडली, तेव्हा एका आठवड्यात ६ लाख ३३ हजारांवर अर्ज आले. त्यातून दोन लाख नावं निघणार होती. म्हाडाच्या सोडतीत नाव आलं की निदान घर दिसू लागतं. इथे नाव आलं की रांगेतली जागा मिळते.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवा. फुकट मिळणाऱ्या सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस राहता येतं. मग तळ हलवून साधारण पंचवीस मैल दूर जावं लागतं. हिवाळी परवाना न घेता अठ्ठावीस महिने असंच काढायचं तर एकसष्टच्या आसपास मुक्काम होतात. पेट्रोलचा बाऊ करायला नको. दुप्पट, म्हणजे पन्नास मैल हलायचं म्हटलं तरी दहा-बारा डॉलर पुरतात. पण एवढ्या मुक्कामांत गृहनिर्माण संस्थेचं एक पत्र यायचं असतं. तुम्ही अजून इच्छुक आहात का, उत्पन्न तेवढंच आहे का, अमुक दिवसांत कळवा, नाहीतर नाव कमी करू. अशा पत्रांनी याद्या ठरावीक काळाने झाडून घेतल्या जातात. टपाल कचेरीत ‘जनरल डिलिव्हरी’ने आलेलं पत्र जास्तीत जास्त तीस दिवस राखून ठेवतात. टपाल पुढे धाडणारी संस्था असली तरी ते वाळवंटातल्या जवळच्या गावी पोचायला आणि तुम्ही तिथे जायला दिवस लागतात. काही कार्यालयांचं काम आता ईमेलवर चालतं, तेव्हा प्रश्न रेंजचा होतो.

मला यातला पत्त्याचा मुद्दा पैशापेक्षा मोठा वाटतो. कॅम्परवाले पुष्कळदा साउथ डकोटाचा पत्ता घेतात, कारण तिथे एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल संस्थेचा पत्ता एवढ्यावर वाहन परवाना मिळत आला आहे. विमा, नोंदणी, कर यांना हे सोयीचं. पण व्हाउचरच्या यादीत अनेक संस्था स्थानिक रहिवाशांना अग्रक्रम देतात. कागदावर साउथ डकोटाचा आणि प्रत्यक्षात अॅरिझोनाच्या वाळवंटात असलेला माणूस कॅलिफोर्नियातल्या यादीत परका ठरतो. बाहेरचा म्हणून अर्ज करून व्हाउचर मिळालं, तरी पहिले बारा महिने ते त्याच संस्थेच्या हद्दीत वापरायची अट सहसा पडते. थोडक्यात, जिथे उभं राहणं स्वस्त तिथे घरं नाहीत, आणि जिथे घरांची रांग आहे तिथे उभं राहायला जागा नाही.

बेघरांना अग्रक्रम असतो, त्याचा फायदा घ्यावा म्हटलं तर आणखी एक गंमत आहे. बेघर म्हणजे झोपण्यासाठी न बनवलेल्या जागी, उदाहरणार्थ मोटारीत किंवा बागेत, रात्र काढणारा. कॅम्परमध्ये तर पलंग मुद्दाम बसवलेला! त्यामुळे नळ-वीज नसलेल्या जागी उभ्या कॅम्परला कुठल्या रकान्यात घालायचं, हे ठिकठिकाणी वेगवेगळं ठरतं. दुसरीकडे २०१८ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने केलेल्या नियमानुसार कॅम्पर म्हणजे सहलीसाठी बनवलेलं, कायमच्या वास्तव्यासाठी नसलेलं वाहन; शिवाय व्हाउचर वापरून त्यातच राहीन म्हटलं तर ते साधारणपणे चालत नाही. मदत मागताना ते फार घर ठरतं आणि मदत वापरताना पुरेसं घर ठरत नाही.

मग शहरातच राहावं का? कॅम्परच्या खासगी तळांवर वीज-पाणी मिळतं, पण महिन्याचं भाडं आपल्या २९० च्या खूप पुढे जातं, आणि पुष्कळ तळ दहा वर्षांहून जुना कॅम्पर आतच घेत नाहीत. गरिबाचा कॅम्पर बहुधा त्याहून जुनाच असतो. रस्त्यावर उभं राहिलं तर दंड. सिॲटलमध्ये ७२ तासांच्या नियमावरून एका कामगाराचा ट्रक उचलून नेला गेला. तो त्यातच राहत होता. सुमारे ५४७ डॉलरची वसुली महिन्याला ५० च्या हप्त्याने लागली. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती रक्कम त्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी ठरवली आणि ट्रक हेच त्याचं घर असल्याचंही मान्य केलं. मात्र २०२४ मध्ये ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करायची शहरांना मोकळीक दिली.

या कोंडीतून सुटायची एक वाट कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराने त्याआधीच, २००४ मध्ये पाडली होती. चर्च, कार्यालयं यांची रात्री रिकामी पडणारी वाहनतळं वाहनात राहणाऱ्यांना रात्रीपुरती द्यायची आणि सोबत घराचे अर्ज भरायला, पाठपुरावा करायला एक कार्यकर्ता जोडून द्यायचा. पुढे इतर शहरांनी ही कल्पना उचलली. जागा थोड्या, आणि काही ठिकाणी मोठ्या वाहनांना मज्जाव. त्यामुळे इथे छोट्या कॅम्परची छोटाई कामाला येते. माझ्या मते ज्याला घर हवंय त्याच्यासाठी असा एक तळ वाळवंटातल्या सात महिन्यांपेक्षा मोलाचा. तिथे पेट्रोल-पाण्याची पंचाईत जास्त होईल, पण पत्र वेळेवर मिळेल, आणि हद्दीतला रहिवासी म्हणून नावही लागेल.

व्हाउचर हाती पडल्यावर घर शोधायला किमान साठ दिवस मिळतात. २०१९ च्या आकड्यांनुसार सुमारे साठ टक्के लोकांनाच त्यावर घर मिळालं. बाकीच्यांचं व्हाउचर परत गेलं. घरमालकाला द्यायची अनामत स्वतःची, आणि शिल्लक तर २,००० च्या आत. शिवाय घरात पाऊल टाकलं की कॅम्पर राहतं घर उरत नाही. सवलतीतलं एक वाहन म्हणून ओढणारी गाडी आधीच धरलेली असते, त्यामुळे कॅम्परची किंमत शिल्लकीत मोजली जाऊ लागते. मोजणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेची. म्हणून कॅम्पर विकायचा, तर महिना उजाडताच विकून पैसे त्याच महिन्यात अनामत, गादी, भांडीकुंडी यांत खर्चून टाकावे लागतात. एखाद्या अडलेल्याला तो फुकट देऊन टाकला, तर एसएसआय छत्तीस महिन्यांपर्यंत बंद होऊ शकतो.