वस्तीच्या ग्रंथालयाची वेबसाइट: खर्च किती, सांभाळणार कोण?

ग्रंथालयाची वेळ दारावरच्या पाटीवर असते. पण पाटी दारापर्यंत आलेल्यालाच दिसते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी दोन बस बदलून येते आणि कुलूप पाहून परत जाते. भाडे गेले, दिवस गेला. ती पुन्हा येईलच असे नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, लहान ग्रंथालयालाही साधी वेबसाइट हवी. पत्ता, फोन, वेळ, सुट्ट्या, वर्गणी-अनामत आणि पुस्तकांची यादी, एवढे पुरे. पदाधिकाऱ्यांच्या फोटोंची रांग नको. (फोटो लावायचाच तर अभ्यासिकेचा लावा.) पान हलके असले की स्वस्त मोबाइलवरही चटकन उघडते.

आता हिशेब. गूगल साइट्स किंवा वर्डप्रेसच्या मोफत सोयीवर पान करायला पैसा लागत नाही. 'डॉट इन'चा स्वतःचा पत्ता घेतला तर वर्षाला काही शे रुपये, फार तर हजाराच्या आसपास. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान आधीच तुटपुंजे. त्यातून भपकेबाज कामावर हजारो रुपये घालवणे मला पटत नाही.

यादी दाखल नोंदवहीवरून करा. ती युनिकोड मराठीत टाइप करा, वहीचे फोटो टाकू नका. फोटोतले नाव शोधून सापडत नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातील ग्रंथालयांनी 2000 साली 'कोहा' ही संगणक प्रणाली सुरू केली आणि ती जगाला मोफत दिली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. प्रणाली उत्तमच, पण हजार पुस्तकांच्या ग्रंथालयाला ती नाकापेक्षा मोती जड. तिथे गूगलचा साधा तक्ता पुरतो.

अख्खी पुस्तके चढवताना मात्र जपून. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. जोतीराव फुले 1890 मध्ये गेले, त्यांचे लेखन खुले आहे. अण्णाभाऊ साठे 1969 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. अनुवादाचा हक्क वेगळा असतो. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर मोफत आहेत. त्यांची लिंक द्या, झाले.

खरी अडचण पुढे येते. वस्तीतला हुशार पोरगा हौसेने सगळे करून देतो, पण स्वतःच्या ईमेलवर. मग त्याला परगावी नोकरी लागते, वेळा बदलल्या तरी पानावर जुन्याच राहतात. पत्त्याचे पैसे भरायचे राहिले तर तो पत्ता दुसरा कोणीही घेतो. ग्रंथालयाच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसल्या तर तक्रार कोणाकडे करणार? त्यासाठी ईमेल ग्रंथालयाच्या नावाचा काढा. पासवर्ड दोघांना ठाऊक असावा. नूतनीकरणाची तारीख अंदाजपत्रकात, खर्चाच्या रकमेशेजारीच लिहा. महिन्यातून एकदा ग्रंथपालाने पान उघडून वेळ आणि फोन तपासावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. आणि कार्यकारिणी बदलते तेव्हा रोकड, शिक्के, कपाटाच्या चाव्या यादी करून सोपवतो ना? त्याच यादीत पासवर्डचे बंद पाकीट लिहा आणि सही घ्या.