आगगाडी का अडते?

आगगाडी कुणाला आवडत नाही? डहाणू रोड स्टेशनात मुंबईची लोकल २०१३ सालापासून येते. तलासरी गावाला मात्र स्टेशन नाही. म्हणून आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी गाडी लांबूनच पाहिली आहे.

पण आता आपल्या शाळेत एक छोटी गाडी आहे. मुंबईच्या एका पाहुण्यांनी ती शाळेला भेट दिली. दोन इंजिनं, सहा डबे आणि गोल रूळ. ती डिजिटल गाडी आहे. पहिल्या दिवशी ती छान पळाली. पुढे मात्र चालते-थांबते, चालते-थांबते असं सुरू झालं. कुणी म्हणालं, "इंजिन बिघडलं, कपाटात ठेवून द्या." बाई म्हणाल्या, "पालक मेळाव्यापर्यंत बघू. चालली तर टेबलावर, नाहीतर कपाटात." कपाटात गेलेली वस्तू परत लवकर बाहेर येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ती का अडते ते आम्ही पाच जणांनी शोधून काढलं. तेच मी इथे सांगते.

आधी डिजिटल गाडी कशी चालते ते बघू. जुन्या पद्धतीच्या विजेच्या खेळण्यात वीज वाढवली की गाडी जोरात पळते. रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. डिजिटल गाडीत तसे नसते. रुळात वीज कायम असते आणि त्याच विजेतून निरोपही जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते. तिला डिकोडर म्हणतात. हजेरीपटावर आपला नंबर असतो तसा प्रत्येक इंजिनालाही नंबर असतो. यंत्र निरोप पाठवते, "५ नंबर, हळू चाल." तो निरोप सगळी इंजिनं ऐकतात, पण चालतं फक्त ५ नंबरचं.

हा निरोप शब्दांचा नसतो, विजेच्या ठोक्यांचा असतो. लहान ठोका म्हणजे १ आणि लांब ठोका म्हणजे ०. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातल्या सुमारे ११६ तुकड्यांत १ चा ठोका पुरा होतो. ० ला साधारण २०० किंवा जास्त तुकडे लागतात. इतकं भराभर बोलणं चालतं, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही!

आता मुख्य गोष्ट. वीज आणि निरोप एकाच रस्त्याने जातात. रुळातून चाकात आणि चाकातून चिपमध्ये. रस्ता मळला की इंजिन उपाशीही राहतं आणि बहिरंही होतं.

माझे मामा रेल्वेत कीमन आहेत. ते रोज रुळावरून चालत जातात आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या का ते बघतात. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं बाय, इंजिन उघडू नको. आधी रूळ बघ. आणि एका वेळी एकच काम कर. चार कामं एकदम केलीस तर कशानं बरं झालं ते कळायचं नाही."

मग आम्ही गाडी दहा फेऱ्या चालवली. जिथे अडली तिथे रुळाच्या बाजूला खडूची खूण केली. एकूण अकरा वेळा अडली. खुणा बघून असं ओळखायचं :

(१) एकाच जागी अडते, तर दोष त्या जागच्या रुळात किंवा सांध्यात आहे.
(२) एकच इंजिन सगळीकडे अडते, तर त्याची चाकं मळली आहेत.
(३) सगळी इंजिनं सगळीकडे अडतात, तर पूर्ण रूळ मळला आहे किंवा तार ढिली आहे.
(४) सगळं एकदम बंद पडतं, तर दोन रुळांना जोडणारं काहीतरी आडवं पडलं आहे. खिळा, टाचणी, किंवा रुळावरून उतरलेलं चाक.

पहिलं काम रूळ पुसण्याचं. बाईंनी वीज बंद केली. मग सुती फडक्याला औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसला. ते पेट घेतं, म्हणून मोठ्यांनीच वापरावं. फडकं काळंकुट्ट झालं. पॉलिश पेपरने घासू नये. त्याने ओरखडे पडतात आणि त्यात पुन्हा मळ बसतो. यानंतर दहा फेऱ्यांत गाडी सहा वेळा अडली.

दुसरं काम चाकांचं. रुळावर ओलं फडकं आडवं टाकायचं. इंजिनाची पुढची चाकं फडक्यावर आणि मागची उघड्या रुळावर ठेवायची. मागच्या चाकांना वीज मिळते आणि पुढची चाकं फडक्यावर फिरून आपोआप पुसली जातात. मग इंजिन उलटं फिरवायचं. आता तीनच वेळा अडली, आणि तिन्ही वेळा खिडकीकडच्या वळणावर!

तिसरं काम सांध्याचं. त्या वळणावर दोन रुळांचा जोड ढिला होता. तो घट्ट केला. शिवाय वीज पहिल्या रुळालाच येत होती, पुढे एकेका सांध्यातून जाता जाता ती कमी पडत होती. बाईंनी समोरच्या बाजूलाही तारांची एक जोडी लावली. आता दहा फेऱ्यांत एकदाही अडली नाही! इंजिनात काहीच बिघडलं नव्हतं.

आणखी एक गंमत. दोन्ही इंजिनं एकदम पळत होती. कारण नव्या इंजिनाला कारखान्यातून बहुतेक ३ नंबरच देतात. दोघांचा नंबर ३, मग दोघंही ओ देणार! आम्ही एक इंजिन बाजूला काढून दुसऱ्याला ५ नंबर दिला. नंबर बदलताना रुळावर एकच इंजिन ठेवावे लागते.

बाईंनी सांगितलं की पुण्याला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झालं. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाच्या आहेत. आपलीही त्याच मापाची आहे. तिच्या रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर आहे. त्याला ८७ ने गुणलं तर सुमारे १४३५ येतात. डहाणूच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर आहे, म्हणून ते जमत नाही. पण आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या ज्या बुलेट ट्रेनचं काम चालू आहे, तिच्या रुळांत बरोबर १४३५ मिलिमीटर अंतर असणार आहे.

पालकहो, गाडी आज टेबलावर आहे. जरूर चालवून बघा. पण रुळाला बोट लावू नका, बोटाचा घाम आणि तेल रुळाला लागतं. दर शनिवारी रूळ पुसायची पाळी आम्ही लावली आहे. आणि मित्रांनो, घरातली बॅटरी, रेडिओ किंवा सायकलचा दिवा बंद पडला, तर "बिघडला" म्हणून लगेच फेकू नका. खूण करा, एका वेळी एकच गोष्ट तपासा, आणि आधी रस्ता बघा.

— इयत्ता ४ थी