दूरचे ग्रंथालय

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे एक अद्भुत सरोवर आहे. फार प्राचीन काळी आकाशातून उल्का कोसळली. तिच्या आघाताने काळ्या खडकात प्रचंड विवर पडले आणि त्यात पाणी साठून हे सरोवर झाले. पाणी खारट असूनही त्यात अनेक सूक्ष्म जीव नांदतात. ते कसे, याचा अभ्यास पुष्कळ शास्त्रज्ञांनी केला आहे.

मुलांनो, लोणारच्याच एखाद्या विद्यार्थिनीला हे संशोधन वाचावयाचे असेल, तर तिने कोठे जावे? या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय अमरावतीस. तेथे जाण्यास कित्येक तास लागतात. शिवाय संशोधकाच्या प्रबंधाच्या छापील प्रती अगदी थोड्या. सरोवर घराशेजारी आणि त्याविषयीचे ज्ञान मात्र दूर, अशी ही स्थिती होती.

आज ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे. प्रबंधाची एक प्रत संगणकीय स्वरूपात द्यावी, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली केला. अशा प्रबंधांसाठी गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राने 'शोधगंगा' हे भांडार उघडले. त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध असून ते कोणासही विनामूल्य वाचता येतात. खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय'ही २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले.

हे ग्रंथ मोबाइलमध्ये भरलेले असतात काय? नाही. ते दूरच्या संगणकांवर साठविलेले असतात. आपण 'लोणार' हा शब्द लिहिला, की तो इंटरनेटच्या मार्गे तेथे पोचतो. तेथील संगणक सूची चाळतो आणि हवी ती पाने धाडतो. कपाटातील प्रत एका वेळी एकालाच मिळते. हा प्रबंध मात्र एकाच वेळी अनेकांना वाचता येतो. तो एकदा उतरवून घेतला, की गावात रेंज नसली तरी अडत नाही.

ज्या ग्रंथालयांची सूची इंटरनेटवर आहे, तेथील हवे ते पुस्तक जागेवर आहे की नाही, हेही घरबसल्या कळते. त्यामुळे व्यर्थ खेप पडत नाही. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवला होता.

तथापि, ग्रंथपालाचे काम संपलेले नाही. एका शब्दासरशी शेकडो नावे समोर येतात. त्यांतील कोणते आधी वाचावे, कोणते विश्वसनीय, हे जाणत्याला विचारावे लागते. अनेक जुने ग्रंथ तर आजही कपाटांतच आहेत. मोबाइल पान समोर आणून ठेवतो. ते वाचून समजून घेण्याचे श्रम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असतात.